टिपणीस काकूंची पलटण

ब्रशला टोक काढायला टिपणीस काकू तो ओठांत धरायच्या. त्यामुळे त्यांच्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर कायम कुठल्या ना कुठल्या पलटणीचा रंग असायचा. दारात भाजीवाली आली, मीटर बघणारा आला, तरी त्या तो पुसत नसत. एकदा माझ्या आईला राहवलं नाही.

"अहो, ओठाला निळं लागलंय तुमच्या."

"निजामाचं आहे," काकू म्हणाल्या. "लढाई संपली की पुसेन."

अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर होतं. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी कॉलेजात होते. शाळा इंग्रजी माध्यमात झाली होती आणि स्वभाव अबोल. मराठीत बोलताना मधेच शब्द अडायचा, मग मी वाक्यच सोडून द्यायचे. काकूंनी पहिल्याच दिवशी ते हेरलं आणि माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. "ए कॉन्व्हेंट, बस तिकडे. बोलू नकोस, तुला जमत नाही. घोडा धर." घोडा धरायचा म्हणजे बाटलीच्या बुचावर चिकटवलेला शिशाचा घोडा त्यांच्यासमोर हलू न देता धरायचा. मी जात राहिले, कारण त्या घरात माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा नव्हती.

या सगळ्याचं मूळ टिपणीस काकांकडे होतं. काका एका रंगाच्या कारखान्यात परचेस ऑफिसर होते. कारखान्यात यंत्र बसवायला आलेला एक इंग्रज इंजिनिअर जाताना त्यांना शिशाच्या सैनिकांचा एक डबा आणि टेबलावर युद्ध कसं खेळायचं याचं नियमांचं पुस्तक देऊन गेला. काकांना त्याचं वेडच लागलं. त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठं प्लायवूड टाकलं आणि त्यावर मराठे आणि निजामाच्या खर्ड्याच्या लढाईची रणभूमी उभी केली. डोंगर भुशाचे, ओढा काचेचा. तेव्हापासून टिपणिसांच्या घरी सगळे खाली बसून जेवू लागले. दर रविवारी काकांचे ऑफिसातले मित्र यायचे, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून घोडेस्वार पुढे सरकवायचे आणि भांडायचे.

"खर्डाच का?" असं कुणी विचारलं की काका चष्मा काढून सांगायचे, "कारण सगळे मराठे सरदार एकत्र उभे राहिले आणि जिंकले, असं शेवटचं खर्ड्याला झालं. त्यानंतर नाही."

आतून काकूंचा आवाज यायचा. "उभे राहिले ते कळलं हो. त्यांचा स्वयंपाक कुणी केला ते लिहिलंय का कुठे?"

मित्र हसायचे. काकाही हसायचे. काकूंच्या बोलण्यावर हसायचं आणि ते विसरून जायचं, अशी त्या घराची रीतच होती.

सैनिक अंगठ्याच्या पेराएवढे. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या एका गल्लीत हासानंद नावाचा एक सिंधी माणूस कीचेन आणि देवाच्या मूर्ती ओतायचा. काकांनी इंग्रजाचे सैनिक त्याला दिले. त्याने टोपीच्या जागी पगडी, बुटाच्या जागी जोडे करून साचे बनवले आणि पिशव्या भरभरून सैन्य ओतून दिलं. पहिली तुकडी काकांनी स्वतः रंगवली, कारखान्यातून आणलेल्या इनॅमलने. मी ती पाहिली आहे. जाड, चकचकीत. मिशा रंगात बुडालेल्या आणि डोळे बेडकासारखे बाहेर आलेले. शिवाय तो रंग दिवसभर वाळायचा नाही. धूळ बसायची, केस चिकटायचे, आणि आमटीलासुद्धा टर्पेंटाइनचा वास यायचा. तिसऱ्या रविवारी काकू हात पुसत बाहेर आल्या.

"द्या इकडे. पोळीला तूप फासल्यासारखं फासलंय."

त्यानंतर काकांनी ब्रश हातात धरल्याचं मला आठवत नाही. लोकांना मात्र ते सांगायचे, "मिसेसला म्हटलं, जरा हातभार लाव."

काकूंनी आधी पोस्टर कलर आणले. दिसायला छान, चमक नाही, वाळतात पटकन. पण खेळताना मित्रांच्या बोटांना घाम आला की रंग बोटांवर. संध्याकाळपर्यंत सगळ्या घोड्यांना खरूज झालेली असायची. मग इमारतीत फॅब्रिक पेंटिंगची साथ आली. बायका दुपारी क्लासला जायच्या, रुमालांवर, चादरींवर, साड्यांवर फुलं काढायच्या. काकूही गेल्या. फुलांमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. धुतलं तरी निघत नाही असा हा पाण्यात कालवायचा रंग असतो कशाचा, एवढंच त्यांना हवं होतं. बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरात 'ॲक्रिलिक' लिहिलं होतं. ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि मान हलवली.

"रुमालावरून जात नाही तो शिशावरून कसा जाईल?"

गेला. उन्हाने सोललेल्या कातडीसारखा पापुद्रा निघून आला. पण काकूंनी सोडलं नाही. आधी सैनिक धुण्याच्या सोड्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासायचा, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो. मग लोखंडी ग्रिलला देतात त्या रेड ऑक्साईडचा अगदी पातळ हात. त्यावर ॲक्रिलिक. आता नखाने खरवडला तरी निघेना. त्या दिवशी काकूंनी तो सैनिक बादलीत टाकला, वर काढला, पदराला पुसला आणि मला म्हणाल्या, "बघ. आंघोळ करून आला."

त्यांचं बाकीचं शास्त्रही स्वयंपाकघरातूनच आलेलं. ॲक्रिलिक फार लवकर वाळतो, ताटलीत काढला की कडेने आटायला लागतो. विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवतात तसं काकूंनी स्टीलच्या ताटात ओलं फडकं घातलं, त्यावर बटरपेपर, आणि त्यावर रंग. दिवसभर ताजा राहायचा. रंग किती पातळ करायचा? "ताकाएवढा. दह्याएवढा नाही." एक जाड हात कधीच द्यायचा नाही, दोन-तीन पातळ द्यायचे. पिवळा कशालाच झाकत नाही, म्हणून त्याच्याखाली आधी पांढरा. लाल उजळायचा तर त्यात पांढरा घालायचा नाही, गुलाबी होतो. नारिंगी घालायचा. अंगरख्याच्या चुण्यांसाठी तपकिरी रंग कढणासारखा पातळ करून सोडून द्यायचा, तो आपोआप खाचांत जाऊन बसतो. घोड्याच्या आयाळीसाठी ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि वरवर फिरवायचा. हे सगळं त्या मला शिकवत नव्हत्या. स्वतःशी पुटपुटत होत्या, आणि मी घोडा धरून ऐकत होते.

रंग घ्यायला त्या मला उल्हासनगरला न्यायच्या. दुकानदार त्यांना बघूनच कपाळाला हात लावायचा. काकू बाटली उघडायला लावायच्या, थेंब अंगठ्याच्या नखावर पसरायच्या आणि दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभ्या राहायच्या. ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणायच्या.

"भाभीजी, लेना है तो लो ना. कितना देखोगी?"

"सूखने दो."

"अरे, सूखने के बाद भी लाल ही रहेगा, साईं!"

"लाल रहेगा, पण काळपट होगा. मेरेको मालूम है." मग माझ्याकडे वळून, "ओला रंग म्हणजे बघायला आलेला नवरा गं. सगळेच उजळ दिसतात. वाळला की खरा कळतो."

आता वाटेल की मी एका गुणी बाईबद्दल लिहिते आहे. गुणी होत्या, पण चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. कुणाचं काही चांगलं झालं की काकूंच्या तोंडाला चव राहायची नाही. मी फर्स्ट क्लास मिळवला तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "छान. आता इंटरव्ह्यूला तोंड उघडायची परीक्षा." तळमजल्यावर सुलभा नावाची नवी सून होती. तिने नणंदेच्या लग्नासाठी चादरीवर गुलाब रंगवले आणि हौसेने काकूंना दाखवायला आणले.

"कसे झालेत, काकू?"

"कोबी छान आलेत," काकू म्हणाल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक. फॅब्रिकचा रंग वाळल्यावर कापडाच्या मागून गरम इस्त्री फिरवावी लागते, तरच तो पक्का होतो. काकूंना ते माहीत होतं. सुलभाला नव्हतं, तिने क्लास अर्धाच केला होता. लग्नाआधी तिने चादर एकदा धुतली आणि सगळ्या गुलाबांचा रंग पसरला. ती जिन्यात बसून रडत होती. माझी आई काकूंना म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना? सांगायचं तिला."

"माहीत होतं की," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिने विचारलं का?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. खोटं त्या कधी बोलल्या नाहीत. पण न विचारता काही सांगायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि मला वाटतं तो त्या त्याच घरात शिकल्या होत्या. त्या घरात त्यांना कधीच कुणी काही विचारलं नव्हतं. चहा मागितला जायचा. रंगवलेले सैनिक मागितले जायचे.

पण चेहरे. टिपणीस काकूंबद्दल लिहायचं ते खरं तर चेहऱ्यांसाठी.

मसुराच्या दाण्याएवढा चेहरा. त्यावर शून्य नंबरच्या ब्रशने, त्यातलेही केस कापून दोन-तीनच ठेवलेल्या ब्रशने, काकू माणसं काढायच्या. डोळे म्हणजे दोन ठिपके नव्हेत. आधी काळी रेघ, तिच्यात पांढरं, आणि मग बाहुली, ती कधीच मधोमध नाही, जरा एका बाजूला. "मधोमध घातली की माणूस दचकल्यासारखा दिसतो." गालाखाली एक गडद छटा दिली की माणूस उपाशी, नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा ठिपका दिला की खाऊन-पिऊन सुखी. खर्ड्याच्या त्या मैदानात आमची इमारत उभी होती. होळकरांच्या घोडेस्वारांत आमचा पोस्टमन होता. भाल्याला टेकून पेंगणारा म्हणजे आमचा शहाडला राहणारा वॉचमन. निजामाच्या तोफेजवळ हासानंद, जाड भुवयांसकट. काकूंना तो 'दादी', म्हणजे सिंधीत ताई, म्हणायचा. त्याने ते भिंगातून पाहिलं तेव्हा आधी ओरडला, "दादी, मेरे को दुश्मन में डाल दिया?" आणि मग हसून हसून बसला आणि पुढच्या खेपेला एक हत्ती फुकट दिला. त्या हत्तीवर अंबारीत काकूंच्या वारलेल्या सासूबाई आल्या. तेच दाबलेले ओठ.

"निजामाच्या बाजूला?" मी विचारलं.

"उंच बसल्यात ना? त्यांना उंचच बसायला आवडायचं."

मी भिंग घेऊन काकांना शोधलं. पेशव्यांच्या डेऱ्यात पाहिलं, मेलेल्यांतही पाहिलं.

"नाहीयेत ते," काकू ब्रश धुता धुता म्हणाल्या. "मला त्यांचा चेहरा येत नाही. बसून बघितलाय कितीदा. येतच नाही."

मग नव्वद सालानंतर कधीतरी बदलापूरच्या एका ट्रस्टने इतिहासाचं छोटं दालन उघडायचं ठरवलं. त्यांच्यातल्या कुणीतरी काकांचं टेबल पाहिलं होतं. खर्ड्याची लढाई काचेखाली कायमची ठेवायची, शाळांच्या सहली येतील, आणि खाली पितळेची पाटी. दसऱ्याला उद्घाटन. काका चार दिवस घरात चालताना छाती पुढे काढून चालत होते.

त्या आठवड्यात एका दुपारी काकूंनी ब्रश खाली ठेवला. मी होतेच. काका पेपर वाचत होते.

"अहो, पाटीवर माझं नाव घाला."

काकांनी पेपर खाली केला. मला वाटतं त्या बाईने त्यांच्याकडे काही मागितल्याचं त्यांना आठवत नसावं. साडीसुद्धा मागत नसत.

"अगं, घालू की," ते म्हणाले. "त्यात काय."

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी ज्या काकू पाहिल्या त्या आधी किंवा नंतर कधी पाहिल्या नाहीत. त्यांनी पूर्ण झालेलं सैन्य पुन्हा काढलं आणि एकेकाला नव्याने हात दिला. तलवारीच्या धारेवर पांढरी रेघ, जोड्यांना चिखल, म्हाताऱ्या शिपायाच्या दाढीत दोन काळे केस राखलेले. मला एकदा म्हणाल्या, "काच आहे म्हणजे लोक वाकून बघतील, नाही?" टोमणे बंद झाले. सुलभा जिन्यात नवी उशीची खोळ रंगवत बसली होती, तिला जाता जाता आपणहून म्हणाल्या, "मागून इस्त्री फिरव हं." सुलभा त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या काळात काकूंच्या ओठावर सगळे रंग एकदम असायचे.

पाटी आली तेव्हा काकांनी ती माझ्या हातात दिली. मराठी वर, इंग्रजी खाली.

"तू कॉन्व्हेंटवाली. इंग्रजी स्पेलिंग तेवढं बघ."

मी वाचलं. स्पेलिंग बरोबर होतं. संकल्पना, संशोधन आणि निर्मिती, पुढे काकांचं नाव. खाली विशेष साहाय्य म्हणून रविवारच्या मित्रांची नावं. शेवटी हासानंद. मी पुन्हा वरपासून वाचलं, इंग्रजीत आणि मग मराठीत, म्हणजे मी चुकत असेन तर कळेल. काकू स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभ्या होत्या.

"झालं वाचून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आहे?"

मी पाटी काकांच्या हातात परत दिली. काकांनीच उत्तर दिलं, अगदी प्रेमाने.

"अगं, मी विचार केला. परक्यांची नावं घालायला लागतात. घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात. परकेपणा वाटतो."

"बरोबर," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. आत नळ बराच वेळ चालू होता.

दोन-तीन दिवसांनी काकांनी कारखान्यातून स्प्रे गन, छोटा कॉम्प्रेसर आणि लॅकरचा डबा आणला. सहली येणार, दमट हवा, काचेखालीही रंग टिकला पाहिजे, आणि जरा चमक हवी, असं त्यांचं म्हणणं. हा लॅकर म्हणजे फर्निचरला मारतात तो, थिनरमध्ये कालवलेला, पिकलेल्या केळ्यासारखा वास येणारा. तो ॲक्रिलिकला चालत नाही. काकूंना ते ठाऊक होतं, कारण मागच्या वर्षी त्यांनी एका मोडक्या घोड्यावर तो लावून पाहिला होता. घोड्यावरचा रंग दुधाच्या सायीसारखा गोळा होऊन सुरकुतला होता. त्यांनी तो घोडा काकांना दाखवायला नेला तेव्हा काका म्हणाले होते, "तुझं ते रुमालांचं शास्त्र मला नको सांगू. मी रंगाच्या कारखान्यात आहे." घोडा मग कचऱ्यात गेला. तेव्हा मीच तो केराच्या डब्यात टाकला होता, म्हणून मला आठवतं.

गॅलरीत ट्रे मांडले गेले. सगळं सैन्य दाटीवाटीने उभं. काकांनी नाकाला रुमाल बांधला. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "मी काही सांगू?"

"आत्ता नको. चहा टाक."

काकू आत आल्या. गॅसवर आधण ठेवलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, मराठी की इंग्रजी ते आठवत नाही.

"कॉन्व्हेंट," त्या हळूच म्हणाल्या, "कप काढ."

मी कप काढले. बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाला. काका एका टोकापासून निघाले, ट्रेमागून ट्रे, मागे न बघता. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडायची आणि पहिला ट्रे अगदी तिच्याखाली होता. लॅकर बसल्या बसल्या सगळे रंग असे काही उजळले की मी कप तसेच ठेवून खिडकीशी गेले. लाल खरा लाल झाला, पोस्टमनची नजर जिवंत झाली. तेवढंच. काका शेवटच्या ट्रेपाशी पोचले तेव्हा पहिल्या ट्रेमधले गाल हलायला लागले होते. डोळे ओघळून मिशांत उतरले. पगड्यांवर सुरकुत्या आल्या. काकू खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. चहा उतू गेला तरी त्या हलल्या नाहीत. त्यांच्या ओठावर एक छोटा भगवा डाग होता.

काका ओरडले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि रुमाल नाकाला तसाच ठेवून पहिला ट्रे जवळ ओढून बघू लागले. शेवटी म्हणाले, "पाण्याचा रंग शेवटी पाणीच."

पुढचे दोन दिवस रविवारचे मित्र समाचाराला यावेत तसे येत होते. काका त्यांना सांगायचे, ऑक्टोबरची हवा, आपल्याकडचा रसायनांचा धूर, आणि बेसच मुळात कच्चा. मित्र च्‌ च्‌ करायचे. "इतक्या वर्षांची मेहनत तुमची, टिपणीस." काकू चहा आणून ठेवायच्या. एकानेही ट्रेकडे आणि मग काकूंकडे, असं पाहिलं नाही.

मी जायला निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. हातात हत्ती होता. सासूबाईंचे दाबलेले ओठ सैल होऊन गालावर पसरले होते.

"बघ, हसल्या एकदाच्या," काकू म्हणाल्या. मग हत्ती मुठीत घट्ट धरून म्हणाल्या, "मला वाटलं होतं, ह्यांचं जाईल. गेलं माझंच." आणि दार लावून घेतलं.

उद्घाटन पुढे ढकललं गेलं. ट्रस्टची माणसं समजूतदार निघाली, म्हणाली, सवडीने करा, जागा राखून ठेवतो. एका सकाळी काकांनी थिनरचा मोठा डबा आणून काकूंपुढे ठेवला आणि सगळे ट्रे ओळीने मांडले. "घासून काढ. परत करू," ते म्हणाले. त्यातल्या 'करू' मध्ये काका कुठे होते, हे विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

मला वाटलं होतं, काकू आता नाही म्हणतील. त्या बसल्या. टूथब्रश थिनरमध्ये बुडवून एकेक माणूस घासू लागल्या. पोस्टमन गेला, वॉचमन गेला, हासानंद गेला. खाली पुन्हा ते करडं शिसं. त्यांची बोटं फुटली, नखांकडेची कातडी पांढरी पडली. त्या आता काही पुटपुटत नव्हत्या. मी घोडा धरायला गेले तर म्हणाल्या, "नको. आता लागत नाही."

पुढे मला मुंबईला नोकरी लागली आणि जाणं कमी झालं. सकाळी निघताना त्यांच्या उघड्या दारातून त्या दिसायच्या, खिडकीजवळ ताट घेऊन बसलेल्या. ओल्या फडक्यावर रंग, हातात ब्रश. काहीतरी वेगळं आहे असं वाटायचं, पण काय ते कळायचं नाही. मग एकदा त्या दूध घ्यायला बाहेर आल्या आणि लक्षात आलं. त्यांचा ओठ स्वच्छ होता.

दालन शेवटी उघडलं तेव्हा मी बदलापूरला गेले. उन्हाळा होता. एका हॉलमध्ये पंखे, मधोमध काचेखाली खर्ड्याचं मैदान, आणि खाली तीच पाटी, ब्रासोने घासलेली. काकांनी शाल घेऊन भाषण केलं. शेवटी हसून म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींनी इतकी वर्षं जेवणाचं टेबल आम्हाला दिलं." टाळ्या झाल्या. काकू ठेवणीतली जांभळी सिल्क नेसून कोपऱ्यात कोकम सरबताचे ग्लास भरत होत्या.

लोक काचेवर वाकून बघत होते. काय बारकावा, काय काम, म्हणत होते. अंगरखे सुंदर होते. चुण्यांत सावली होती, तलवारींना धार होती, घोड्यांच्या आयाळी वाऱ्यावर उडत होत्या. गर्दी जरा पातळ झाल्यावर मी वाकले. पोस्टमन शोधला. मग वॉचमन. मग हत्तीवर पाहिलं.

कुणालाच चेहरा नव्हता. पगडीखाली गव्हाळ रंगाचा एक नीट, गुळगुळीत हात दिलेला, दोन पातळ थरांत. मराठ्यांना नाही, निजामाला नाही. डेऱ्यात पेशवे होते, त्यांनाही नाही. संपूर्ण सैन्य एकमेकांसमोर उभं होतं आणि त्यांत बघणारं कुणीच नव्हतं.

मी मान वर केली. टेबलाच्या पलीकडे काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या, माझ्याकडेच बघत. मी वळसा घालून त्यांच्याजवळ गेले.

"काकू, चेहरे का नाही काढले?"

त्यांनी ट्रे काचेवर टेकवला. काका चार पावलांवर पाहुण्यांना डावी फळी समजावून देत होते.

"विचारलंस," काकू म्हणाल्या. "इतक्या लोकांत तू एकटीने."

मी उत्तराची वाट पाहिली. त्यांचं लक्ष काचेकडे गेलं. मी हात टेकवला होता तिथे काच बोटांच्या ठशांनी डागाळली होती. काकूंनी पदराचं टोक घेऊन ती पुसली, पुन्हा पुसली, आणि माझ्या हातात ग्लास दिला.

"सरबत घे. गरम होतंय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पाहुण्याकडे वळल्या.